जात्याने म्हटलेले शब्द

अहो,

'प्रिय' लिहिलं की पुढे नाव लिहावं लागतं, आणि तुमचं नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. तेही बायकांनी उंबऱ्यात वाट अडवून धरली म्हणून. पुढे सगळं 'अहो'वरच भागवलं. आता तुम्ही गेलात म्हणून ती सवय थोडीच जाते?

आज लिहायला बसले, कारण पहाटे जात्यावर जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. सांगायचं आहे आणि विचारायचंही आहे. खुंट्यावरचा तो तिसरा हात तुमचा होता ना?

आई जेवून पडल्यात. हो, जेवल्या! किती दिवसांनी पोटभर जेवल्या ते मीच जाणे. दौत तुमचीच घेतली आहे, लेखणीही तुमचीच. 'माझ्या लेखणीला हात लावू नकोस' म्हणून डोळे वटारायचात, आता वटारा खुशाल.

तुमचं ते खूळ आठवलं की मला अजून हसू येतं आणि रागही येतो. माथेरानच्या बंगल्यातला कुणी साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्या सामानाचा लिलाव नेरळला झाला. लोक कंदील, खुर्च्या, चिनी मातीची भांडी घेऊन घरी आले. तुम्ही काय आणलंत? पुठ्ठा निघालेला इंग्रजी शब्दकोश! डोक्यावर घेऊन, भाताच्या पेंढीसारखा. आई म्हणाल्या, "ह्यो काय शिजवायचा हाय का रं?" तुम्ही म्हणालात, "आई, ह्यात साहेबाची सगळी अक्कल हाय."

तुम्ही कर्जतच्या कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचात. साधं इंग्रजी तुम्हाला चांगलं यायचं, तेवढ्यावर आपलं घर नीट चाललं होतं. पण तुमच्या मनात भरलं होतं की साध्या शब्दाला साहेब मान वर करून बघत नाही. असा शब्द हवा की वाचता वाचता त्याचा चिरूट हातातच विझला पाहिजे. म्हणून कोशातले नेमके ते शब्द उचलायचे, जे कर्जतच्या हेडमास्तरांनीही कधी ऐकले नसतील. 'ए'पासून सुरुवात, आणि एक पान पक्कं झाल्याशिवाय पुढचं उलटायचं नाही, अशी शपथच घेतली होतीत.

आणि पाठ कुठे करायचे? तर जात्यापाशी! पहाटे मी आणि आई खुंटा धरून समोरासमोर बसायचो, आणि तुम्ही दिवा घेऊन बाजूला मांडी ठोकायचात. म्हणायचात, पाठांतराला ताल लागतो, आणि जात्यासारखा ताल कुठे नाही. एका फेऱ्याला शब्द, दुसऱ्या फेऱ्याला अर्थ. आई ओवी सुरू करणार तोच तुमचा शब्द मध्ये घुसायचा. बिचाऱ्या सुरुवातीला फार वैतागायच्या. "जात्यावर देवाची नावं घेत्यात, ह्यो कुनाची नावं घेतोय गं यमे?" मी म्हणायचे, साहेबाच्या देवाची असतील. मग तुम्ही आमच्या दोघींवर डाफरायचात.

पुढे पुढे आईंनाच त्याची गोडी लागली. ओवीच्या ओळीत तुमचा शब्द त्या आपसूक गुंफायला लागल्या. विठ्ठलाच्या शेजारी 'मेलॅन्कॉलिक'! तुम्ही हसून हसून लोळायचात.

मला तुम्ही जात्याभोवतीच्या पिठात बोटाने अक्षरं काढून दाखवायचात. तांदळाच्या पिठात ए, बी, सी. तिथूनच पुढे मी कोशातले अर्थ लावायलाही शिकले. आणि कोशातला मला दिलेला पहिला शब्द, आठवतो? 'एबिसिडेरियन.' "तू माझी एबिसिडेरियन आहेस," म्हणालात, आणि मी शिवी समजून दोन दिवस फुगून बसले. मुळाक्षरं गिरवणारा, एवढाच त्याचा अर्थ. हे आधी सांगायला काय झालं होतं हो? पण तुम्हाला माझा रुसवा बघायचा होता.

मला शब्द आठवला नाही की मी खुंटा धरून गप्प व्हायचे, आणि तुम्ही पुढे वाकून हलकेच त्याचं पहिलं अक्षर सांगायचात. कधी आमच्या हातांवर तुमचाही हात ठेवायचात, की जातं कसं भुर्रकन फिरायचं! ते सगळं पिठासारखं बोटांना चिकटून राहिलंय.

तुमच्या भारी शब्दांनी काय दिवे लावले तेही सांगते, रागवू नका. वनखात्याने झाडांच्या फांद्या तोडायला बंदी केली आणि आपल्या पोशीरच्या लोकांना शेत भाजायला राबाचा पालापाचोळा मिळेना, तेव्हा सगळ्या गावाचा अर्ज तुम्ही लिहिलात. असे शब्द घातलेत, असे घातलेत, की साहेबाने तो परत धाडला. वर शेरा, काय पाहिजे ते सरळ लिहा. राघोबाभाऊ तो कागद उलटा धरून म्हणाले होते, "लिवलंय लय भारी, पन यात आमचा राब कुठं हाय?" तुम्ही रात्री जेवला नाहीत. मला वाटलं, आता सुटलं खूळ. कसलं! पहाटे जात्यापाशी हजर.

आणि मग ती पटकीची साथ आली.

सकाळी नेरळला गाडी धरायला गेलात ते धडधाकट. दुपारी बैलगाडीत आडवं घालून लोकांनी आणलं. डोळे खोल गेले होते, बोटं म्हातारीसारखी सुरकुतली होती. मी ओठांना पाणी लावत होते, आणि तुम्ही माझ्याशी काय बोललात? दुसऱ्या कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. म्हणालात, "यमुने, याला साहेब काय म्हणत असेल?" मी म्हटलं, "कॉलरा म्हणतात ना, तुम्हीच सांगितलं होतं." तर तशा अवस्थेत तुम्ही तोंड वाकडं केलंत! "कॉलरा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यावरचा एखादा शब्द असेल. पुढे कुठेतरी असेल." 

पुढे कुठेतरी. हे तुमचे शेवटचे शब्द. माझ्याशी काहीतरी बोलायचं होतंत की! आईंकडे बघायचं होतंत. दिवे लागायच्या आधी तुम्ही गेलात, आणि मी आधी रागावले, मग रडले.

कोशात तुमच्या खुणेचं पान 'एस'मध्ये होतं. पळसाचं वाळलेलं पान घालून ठेवलं होतंत. शेवटचा पाठ झालेला शब्द 'सुसरेशन', म्हणजे कुजबुज. मी कोश फडक्यात बांधून माळ्यावर भाताच्या कणगीमागे टाकला. बघायलाच नको म्हटलं.

सुतक फिटेपर्यंत जातं झाकून होतं. फिटल्यावर पहिल्यांदा दळायला बसलो तेव्हा आईंच्या तोंडून ओवी फुटेना. नुसती घरघर. मी मूठ मूठ तांदूळ घालत होते. आणि मध्येच आई सहज, मीठ मागावं तशा म्हणाल्या, "टेनेब्रस."

माझा हात थांबला. मी म्हटलं, "काय म्हणालात?" तर मलाच विचारतात, "मी कुठं बोलली? जातं बोललं. त्याच्याच आवाजात बोललं. काय म्हनला गं तो?"

मी काही भोळी नाही, तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, तुम्ही कधी पुढची पानं चाळली असतील, आईंच्या कानावर एखादा शब्द पडला असेल. दुपारी आई ओढ्यावर गेल्या तेव्हा मी माळ्यावर चढले, फडकं सोडलं आणि खुणेच्या पुढे गेले. अहो, पुढची पानं चिकटलेली होती! छापखान्यातून येतात तशी, कडेला न कापलेली. तो साहेबही कधी तिथवर पोचला नव्हता. मी विळीवर धरून एकेक पान सोडवलं, आणि आत निघालं. टेनेब्रस. अंधारलेला.

भर दुपारी त्या माळ्यावर मला हुडहुडी भरली. कोश पुन्हा बांधला आणि खाली येऊन चुलीत उगाच लाकडं घातली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजचंच झालं. जातं फिरू लागलं की थोड्या वेळाने आईंची मान जराशी कलायची, कुणी कानाशी आलं की कलते तशी. मग शब्द यायचा. उच्चार अगदी तुमचा, ती 'र'वरची तुमची थरथरसुद्धा. मग म्हणायच्या, "काय म्हनला?" मी दुपारी पान कापून बघायचे आणि भाकरी वाढताना अर्थ सांगायचे. 'अम्ब्रेजस', दाट सावलीचा. आई म्हणाल्या, "मंग ऊन नाय तितं. बरं हाय." 'व्हायॅटिकम', वाटेवरची शिदोरी. त्या दिवशी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून दाराबाहेर ठेवला. कावळ्याने नेला की कुत्र्याने, मी बघायला गेले नाही.

शब्द मागेपुढे कधी झाले नाहीत. ओळीनेच यायचे. तुम्ही शपथ मोडली नव्हतीत. मेल्यावरही एक पान पक्कं केल्याशिवाय माणूस पुढचं उलटत नाही, असला हट्टी नवरा माझ्याच नशिबी का आला?

रोज जातं थांबलं की मी दिवा खाली धरून पिठाकडे बघायचे. वाटायचं, बोटाने काढलेलं एखादं अक्षर असेल. माझ्यासाठी. कधी नव्हतं. शब्द आईंना, आणि मला नुसती कोश चाळायची हमाली! याचं मला वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू.

पण आई त्यावर जगत होत्या. शब्द आला की भाकरी खायच्या, नाहीतर ताट सरकवायच्या. गावात कुजबुज झाली, म्हातारीच्या अंगात घाटात मेलेला कुणी साहेब आलाय. राघोबाभाऊ भगताला आणू का विचारायला आले. आईंनी त्यांना असं झाडलं! "माजं लेकरू हाय. साहेब बिहेब कोन नाय. त्याला काडायला कोन आला तर मी त्याची टाळकी फोडीन." मग कुणी आलं नाही.

माझा जीव मात्र रोज थोडा थोडा कमी होत होता. कारण कोश मी बघत होते. उजव्या हाताची पानं पातळ होत चालली होती. 'डब्ल्यू' आला, 'वाय' आला. एवढीशी पानं उरली. तुम्ही संपत आला होतात, आणि हे आईंना ठाऊक नव्हतं, मला एकटीला ठाऊक होतं. सांगणार कुणाला?

शेवटचा शब्द आला त्या पहाटे जातं जड चाललं होतं. आईंची मान कलली. बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "झायमॉटिक." आणि स्वतःच हात काढून घेतला.

मी दुपारची वाट बघितली नाही. कोश तिथेच आणला. शेवटचं पान, तळाची ओळ. झायमॉटिक: एकाकडून दुसऱ्याला लागत जाणाऱ्या साथीच्या रोगांना म्हणतात, पटकी, देवी वगैरे.

"काय म्हनला?" आईंनी विचारलं.

मी म्हटलं, "त्यांच्या आजाराचं नाव आहे. मोठं नाव."

आईंनी खुंट्यावरून हात फिरवला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मंग गावला त्याला एकदाचा."

म्हणजे त्यासाठीच चालला होतात ना? अंधारातून, सावलीतून, एकेक पान करत, त्या एका शब्दापर्यंत? आपण कशाने मेलो त्याचं भारी नाव सापडावं म्हणून? मला तुमची कीव आली. आणि अभिमानही वाटला. वेडाच माणूस!

दुसऱ्या दिवशी जातं नुसतं जातं होतं. तिसऱ्या दिवशीही. आईंनी अन्न सोडलं. मी हात जोडले, पेज भरवली, चिडून ओरडलेसुद्धा. त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. हाताची कातडी पातळ, डोळे खोल. तुमच्या शेवटच्या दिवशी होते तसे डोळे.

आणि काल. मी विहिरीवरून घागर घेऊन आले तर घरातून घरघर ऐकू येते. आत पाहते तर आई एकट्या जात्यावर. दाणा नाही, पीठ नाही. रिकामं जातं फिरवतायत! दगडावर दगड घासतोय, त्याचा तो खरवडणारा आवाज, आणि आई कान लावून ऐकतायत. रिकामं जातं फिरवणं घराला वाईट, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी घागर टाकून धावले, खुंटा धरला. तर माझ्या मनगटाला विळखा घालून म्हणाल्या,

"यमे, तू हाक मार त्याला. नावानं मार."

मी म्हटलं, "तुम्हीच मारा ना आई, तुम्ही तर रोज मारायचात."

"माजी हाक त्याला रोजची. त्याला तो उठायचा नाय. तुजी हाक त्यानं कंदी ऐकली नाय. बायकोनं जात्यावर नाव घेतलं तर लेकरू माजं असंल तितून येल. मार गं. एकदाच मार."

अहो, मारली असती हो! मनापासून सांगते, नाव ओठांवर आलं होतं. मलाही तुम्ही हवे आहात. आईंना आवाज तरी मिळाला, मला काय मिळालं? एक हाक, आणि तुम्ही दारात. मी तोंड उघडलं सुद्धा.

आणि मला तो शब्द आठवला. एकाकडून दुसऱ्याला लागत जाणारा. दारात येणार ते कुठले तुम्ही? सकाळी गाडी धरायला गेलेले, का बैलगाडीतून आलेले? खोल डोळ्यांचे, सुरकुतलेल्या बोटांचे, ते दुखणं अंगावर घेऊन? मी आईंच्या खोल डोळ्यांकडे बघितलं, त्यांच्या बोटांकडे बघितलं, आणि ओठ घट्ट मिटले. तुमचा शब्द आईंपर्यंत पोचला होताच. त्याच्यामागून तुम्ही पोचला असतात, तर मी आईंना कुठे ठेवलं असतं?

रात्रभर त्या माझ्याकडे पाठ करून पडल्या.

आज पहाटे मी त्यांना उठवून जात्यापाशी बसवलं. जवळजवळ उचलूनच. तांदूळ घातले, त्यांचा हात खुंट्यावर ठेवला, वर माझा. जातं फिरू लागलं. आणि मी म्हटलं, मोठ्याने, स्वतःच्या आवाजात, "एबिसिडेरियन."

आईंनी मान वर केली. "ह्यो तर पहिला," म्हणाल्या.

"हो, पहिला. आता मी म्हणणार. तुम्ही अडवा, कुठे चुकते ते बघा. मुळाक्षरं गिरवणारा, असा अर्थ आहे त्याचा."

बराच वेळ त्या मला न्याहाळत होत्या. मी हाक मारणार नाही, हे त्यांना कळलं असावं. मग हळूच ओवीची ओळ धरली, किती महिन्यांनी, आणि तो शब्द तिच्यात गुंफला. पीठ पडायला लागलं. मी रडत होते आणि दाणे घालत होते. पुढचा शब्द सांगितला. त्याच्या पुढचा सांगायला गेले, तर आठवेना. खुंटा धरून गप्प झाले, नेहमीसारखी.

आणि जातं हलकं झालं.

आईंच्या अंगात ताकद नाही, माझा हात तर थांबलेला. तरी जातं भुर्रकन फिरलं. माझ्या हातावर गार काहीतरी टेकलं होतं. कानाच्या पाळीला वारा लागला, दार बंद असताना. पहिलं अक्षर सांगायला वाकायचात, तसं. आई डोळे मिटून होत्या, त्यांना काही कळलं नाही. मला कळलं. एवढे दिवस वाट पाहिली आणि आज, मी तुम्हाला जाऊ द्यायचं ठरवलं त्याच दिवशी, तुम्ही माझ्याकडे आलात!

मी हात झटकला नाही. तेवढं माझ्याने झालं नाही. पण मानही कलती केली नाही, अक्षर ऐकलं नाही. थांबले. आणि तो शब्द मला माझा मला आठवला. तेव्हा जातं पुन्हा जड झालं, रोजच्यासारखं. दळण झाल्यावर आईंनी गरम भाकरी मागून खाल्ली.

आता माझं वचन ऐका. मी रोज पहाटे तुमचे शब्द म्हणेन, ओळीने, एक पान पक्कं केल्याशिवाय पुढचं उलटणार नाही. शेवटच्या पानाची तळाची ओळ मात्र मी विळीने कापून चुलीत घातली आहे. ती या घरात आता कुणी म्हणणार नाही. राघोबाभाऊंचा राबाचा अर्जही मीच लिहून देणार आहे, साध्या मराठीत, राब कुठे आहे ते पहिल्याच ओळीत. आणि आई माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरणार नाहीत.

मी अडेन. खूप ठिकाणी अडेन, तुम्हाला माझं डोकं माहीत आहे. पण अडले तरी सांगायला येऊ नका. माझ्या हातावरचा हात काढून घ्या. तुमचा कोश संपला, आता जा.

नाव मी तोंडाने घेणार नाही. इथे खाली लिहिते, म्हणजे ते माझ्यापाशी राहील आणि तुम्हाला ऐकू येणार नाही.

तुमची एबिसिडेरियन,
यमुना गोविंद
पोशीर